दामूदादासाठी केलेली प्रार्थना

हे मी पास्टरांना सांगितलेलं नाही, बायकोला नाही, आणि देवाला तर मुळीच नाही — त्याला माहीत असणार, पण त्याच्यापुढे विषय नको निघायला. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हांला सांगतो.

आधी माझी फजिती. माझी फजिती सांगायला मला आवडतं — मी स्वतः सांगितली तर. माझा बाप्तिस्मा कोलाडजवळ कुंडलिकेत झाला. तिथे सकाळी धरणाचं पाणी सोडतात आणि शहरातली पोरं रबरी होड्यांतून ओरडत खाली येतात, हे कोलाडच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. आमच्या पास्टरांना नव्हतं. मी पांढऱ्या झब्ब्यात, कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर पास्टरांचा हात — आणि पाणी चढलं. शेवाळावरून पाय सुटला. जुना माणूस पाण्यात जावा आणि नवा वर यावा, असं असतं ना ते? माझा जुनाच वर आला आणि कोकलला, "आये एकविरे, वाचव गो!" हेल्मेटवाल्या पोरांनी झब्ब्याला धरून होडीत ओढलं मला.

पाहिलं सगळ्यांनी. सांगत राहिला एकटा दामूदादा. दादा पेणचा, मला विश्वासात आणणारा तोच. रोह्यात वेल्डिंगच्या दुकानामागच्या खोलीत आमची रविवारची उपासना भरते. कुणी नवा आला की चहाच्या वेळी दादा सुरू — "ह्यो आमचा मधू. येशूच्या नावानं बुडाला नि एकविरेच्या नावानं वर आला." लोक हसायचे. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्यानं. हसणारा माणूस विसरतो, असं वाटतं का तुम्हांला? साताच्या सत्तर वेळा क्षमा कर, असं लिहिलंय. मी मोजायला लागलो होतो.

मग माझ्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यानं तेच सांगितलं. पाहुणेही हसले. मी त्यांना पोहे वाढत होतो. क्षमा तिथे संपली.

आणि नेमकं त्यानंतर, कोलाडला मंडळीतल्या एका आजारी भावासाठी प्रार्थना करून परतताना, टपरीवर वडा खाता खाता दादानं मला त्याचं गुपित दिलं. तो पूर्वी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानं सगळ्यांदेखत ब्रश खाली ठेवला होता — त्याची ही साक्ष आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ. पण शेवंतावहिनी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या, आणि दादा गुपचूप परत कारखान्यात बसायला लागला.

"आखणीशिवाय या हातांना दुसरं कायच येत नाय रे," तो म्हणाला. "डोळे काढतो, हात नाय जोडत. पाप हाय काय?"

"नाय रे दादा," मी म्हणालो. "देव काय तुझा ब्रश बघत बसलाय?" आणि त्याच्यासाठी आणखी एक वडा मागवला. घास घेणारं त्याचं तोंड बघताना मला कळलं होतं — हाच तो मोका.

आमच्यात एक रीत आहे. उपासनेत कुणीही उभं राहावं, डोळे मिटावेत आणि दुसऱ्या भावासाठी मोठ्यानं, नाव घेऊन प्रार्थना करावी. मध्ये कुणी बोलत नाही. डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्याशी भांडणार कसं? सूड घ्यायला याहून सुरक्षित जागा मला तरी माहीत नाही.

मी उभा राहिलो. आवाज ओला केला — तो मला छान जमतो. "प्रभू, दामूदादाची बोटं मला दिसतायत. त्यांना काळा रंग लागलाय. पेणच्या एका कारखान्यात तुझं लेकरू मूर्तींचे डोळे आखतंय. त्याला परत आण, प्रभू." सगळे म्हणाले, आमेन. मी एक डोळा किलकिला केला. दादा माझ्याकडेच बघत होता. रागानं नव्हे — मी पुढे काही बोलेन, 'हे त्यानंच मला सांगितलं' असं म्हणेन, म्हणून वाट बघत असल्यासारखा.

मी डोळा मिटला.

पास्टर म्हणाले, "देवानं मधूला दाखवलं." देवानं? मला तर टपरीवर ऐकू आलं होतं. मी मान खाली घातली. नम्रता मला शोभते, असं लोक म्हणतात.

दादाला सांगण्यात आलं — ब्रश ठेव, मग ये. तो उठून गेला. 'मधूला मीच सांगितलं,' एवढं वाक्य त्याच्याकडे होतं. ते त्यानं का वापरलं नाही? पेणच्या आणि कासूच्या आमच्या मंडळीतल्या बहिणी पाळीपाळीनं जाऊन वहिनींना अंघोळ घालायच्या, कूस बदलायच्या. त्याही जायच्या थांबल्या. वहिनींच्या पाठीला जखमा झाल्याचं माझ्या कानावर आलं. मी तेव्हा कामात होतो. 'ब्रदर मधूंना दिसतं' म्हणून लोक हात डोक्यावर ठेवून घ्यायला माझ्याकडे येत होते. गोड लागत होतं सगळं. अजून लागतं.

यंदा पेणच्या बाजारात दादा भेटला. बोटं काळीच. मला वाटलं, आता शिवी देईल. मी तयारही होतो — शिवी मिळाली असती तर फिट्टंफाट.

"माझ्यासाठी अजून प्रार्थना करतोस काय रे?" त्यानं विचारलं.

"करतो की, दादा."

"माझी कर. तुझ्या वहिनीचं नाव नको घेऊस. तिनं तुझं काय केलं नाय."

मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि दोघांची नावं घेतली. आवाज सुरेख लागला होता. आमेन मोठ्यानं झालं.