पंख्याच्या बेअरिंगमधला खोकला

माझे भावोजी फिटर. यंत्रांची बेअरिंग बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मेहुणा असून मी हे म्हणतो, म्हणजे खरंच असणार. झिजलेल्या बेअरिंगमध्ये नवा मऊ धातू ओतून आला की त्यांचं काम सुरू. शाफ्टला, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याला, निळा रंग फासून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, जिथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. शेवटी यंत्र चालू करून सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला. चांगलं बेअरिंग मुकं असतं, असं ते म्हणतात.

ताई गेली आणि अर्ध्या ताटावरून उठावं तसे ते संसारातून उठले. आमच्या कारखान्यात कामावर तेवढे येत राहिले.

भट्टीच्या मोठ्या पंख्याचं बेअरिंग बसवलं त्या दुपारी सळई कानाला लावून ते बसले, ते उठेचनात.

"भावोजी, झोपलात का?" मी खेकसलो.

"एक उंचवटा राहिलाय."

"मग खरवडा की!"

"नको. ती बोलतेय."

माझं डोकंच सणकलं. त्यांच्या हातून सळई हिसकावून मी कानाला लावली. आधी नुसती तेलाची चुळबुळ. मग खोकला. ताईचाच, कोरडा, आजारपणात भिंतीपलीकडून रोज ऐकलेला. आणि मग अगदी स्पष्ट, "बारक्या, जेवलास का?"

मला या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला. पण खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

"राहू द्या," मी म्हणालो. "फिरतोय ना पंखा? फिरू द्या."

"उंचवटा तापतो रे. फार तापला की धातू वितळतो."

"वितळू दे! कारखाना गेला खड्ड्यात."

भावोजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आम्ही आळीपाळीने ऐकत बसलो. ती घरातलंच काहीबाही बोलत होती, दूध, खिडकी, माझी फाटकी चप्पल. मग खोकला वाढला. थांबेचना.

भावोजींनी बेअरिंगच्या झाकणावर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"तिला भाजतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

पंखा हळूहळू थांबला. बेअरिंग निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग भावोजींनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी त्यांना झाकण उघडायला पाना दिला.