तेवीस वाव वायर

मुलांनो, लांब वायर पाहून स्वतःचा अपमान झाल्यासारखा चिडणारा माणूस जगात एकच असेल, तर तो आमचा टेमघरचा वायरमन. वय सत्तरीच्या घरात, खिशात टेस्टर आणि कोणाचे वाक्य पुरे होऊ न देण्याची सवय. घरात आल्यावर तो आधी पलंगाखाली वाकून वायर कुठून कुठे गेली ते पाहतो. माझ्या इस्त्रीची वायर मी नीट गुंडाळून, रबर लावून ठेवत असे. त्याने ती न विचारता निम्मी केली. वर मलाच शिकवले, "बाई, वायर दुप्पट झाली की करंटाची अडवणूक दुप्पट. वीज वाटेतच खर्ची पडते." तेव्हापासून मी भिंतीला चिकटून इस्त्री करते. एका लग्नात तर तो जेवणाच्या पंगतीतून उठून जनरेटरपासून मांडवापर्यंत वायरमागे चालत गेला, आणि मंगलाष्टके चालू असताना कडेचे दिवे का मिणमिणतात, हे मांडववाल्याला समजावत उभा राहिला. मोजायला टेप घेत नाही. त्याचे वडील खाडीत जाळ्याचा दोर मोजत, तसे दोन्ही हात पसरून वावांत मोजतो. मी एकदा टेप लावून पडताळून पाहिले. चुकले मीच.

आमची इमारत नवी बांधली, तेव्हा दारातली पिठाची गिरणी शोभत नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती मागे टाकीपलीकडे हलवली. वायरिंगही त्यांनीच करून घेतले. गिरणी चालवणारी बाई वज्रेश्वरीकडची, नवरा नाही, दोन मुली शाळेत. मागे गेल्यापासून तिची मोटर दोनदा जळली. "तिसऱ्यांदा जळली तर गिरणी बंद आन् मी गावाला," ती म्हणाली. सेक्रेटरी म्हणाले, भिवंडीत व्होल्टेजच कमी असते.

वायरमनने मीटरपाशी मोजले, दोनशे वीस. मग गहू पडत असताना मोटरपाशी मोजले, एकशे नव्वद.

"व्होल्टेज मीटरपर्यंत तर आलंय ना, शेठ? पुढं तुमच्या वायरनं खाल्लं!"

"अरे, प्लॅनवर साठ फूट आहे," सेक्रेटरींनी कागद पुढे केला.

"कागदावर कावळा सरळ उडतो. वायर चालत जाते." मग तो हात पसरत निघाला. गेटवरून वर, भिंतीने वळसा, टाकीला प्रदक्षिणा, परत खाली. "तेवीस वाव! म्हणजे सव्वाशे फुटांच्या वर. आन् जाडी बघा, शेवई हाय. जाड वायर टाका, न्हायतर गिरणी मीटरजवळ आणा."

"नवीन रंग दिलाय. भिंत फोडायची नाही. आणि गिरणी पुढे येणार नाही, विषय संपला."

"मंग मी पण हितंच बसतो," म्हणून वायरमन खरोखरच मीटरच्या पेटीखाली फतकल मारून बसला. "या वायरवर मोटर चालू करू देणार न्हाय. काय करायचं ते करा."

"काका, उठा, माझ्यापायी कशाला भांडता?" गिरणीवाली रडवेली झाली.

"तू गप, पोरी. भांडण वायरशी हाय."

मीटरची पेटी तळमजल्यावरच्या माझ्या गॅलरीच्या भिंतीला लागून आहे, हे तुम्हाला आठवत असेल. मी आत गेले, तुळस आणि वेताच्या दोन खुर्च्या हलवल्या, आणि बाहेर येऊन सांगितले की गिरणी माझ्या गॅलरीत येईल. तिसऱ्या दिवशी आली. जाड वायर, अवघी दीड वाव. चौथ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. तिला मी इंग्रजीत, मुद्द्यांना आकडे घालून उत्तर दिले. दुसरी आली, तिलाही दिले. तिसरीही येईल, माझ्याकडे कागद पुष्कळ आहे. सेक्रेटरींचे गहू मात्र दर रविवारी इथेच दळायला येतात, आणि मी डबा मोजून परत करते.

वायरमनला आता शिडी चढवत नाही. कामे घेणे त्याने थांबवले आहे, तरी दुपारी येतो. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा मोटरला उलटा हात लावतो आणि गिरणीवालीला सांगतो, "ताप न्हाय." परवा त्याने हात मोटरवर ठेवला तो ठेवलाच. दळण संपून मोटर बंद झाली, मुली शाळेतून येऊन पिठाच्या डब्यांवर नावे लिहायला बसल्या, तरी त्याने तो उचलला नाही. मी खुर्ची त्याच्या मागे सरकवली. दिलेल्या खुर्चीवर कधी न टेकणारा माणूस, बसला.