चाराची खूण

आक्का फासे परातीत टाकायची. खाटेवरून ते घरंगळले की वाकून शोधणं तिला जमत नव्हतं. परातीचा आवाज फार होई, म्हणून तिने आत जुन्या लुगड्याचं फडकं अंथरलं होतं. पैशांऐवजी आम्ही चिंचोके लावत असू. बोरी गावात तिच्या दारातच चिंच आहे.

ती माझी थोरली बहीण. भाओजी गेल्यापासून ती आणि तिच्या दोन शेळ्या, एवढंच घर. पोटातल्या गाठीसाठी परभणीला सलाइनमधून औषध देण्याचा पहिला फेरा झाला होता, दुसरा व्हायचा होता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. रजा काढून तिच्याजवळ येऊन राहिलो होतो. संभाव्यतेवरच्या एका जुन्या पुस्तकात फाशांच्या एका परदेशी खेळावर प्रकरण आहे. दुपार सरत नसे, म्हणून तो खेळ मी तिला शिकवला.

दोन फासे टाकायचे. पहिल्याच फेकीत बेरीज सात किंवा अकरा आली तर टाकणारा जिंकला. दोन, तीन किंवा बारा आली तर हरला. दुसरा कोणताही आकडा आला की ती त्याची खूण. मग सात पडण्याआधी तीच खूण पुन्हा पडावी लागते. सात सहा तऱ्हांनी पडतो, चार तीनच तऱ्हांनी. म्हणून शहाणा खेळाडू आधी थोडंच लावतो आणि खूण ठरली की तिच्यामागं वाढवतो. त्या वाढवलेल्या पैजेत जुगाराच्या अड्ड्याच्या मालकाला काहीच नफा नसतो.

"अन् आधी लावलेलं उचलायचं असंल तर?" तिनं विचारलं.

"खूण ठरल्यावर उचलता येत नाही. वाढवता येतं."

"तुझ्या डॉक्टरनंच काढलेला दिसतो हा खेळ."

टाकणाऱ्याच्या विरुद्ध लावणाऱ्याला मात्र आपली पैज केव्हाही उचलता येते, हेही मी सांगितलं. तेव्हापासून ती कायम विरुद्ध बाजूलाच लावू लागली. स्वतःच्या हातात फासे असले तरी.

"आक्का, स्वतःच्याच हाताविरुद्ध?"

"माझा हात मलाच ठावं हाय ना, भैय्या."

दुसऱ्या फेऱ्याची तारीख जवळ आली तशी ती नको म्हणू लागली. पहिल्यानंतर जेवणाला लोखंडाची चव यायची, भाकरीचा वास सहन होत नव्हता. "शेळी व्यायला आलीय. मी न्हाई जायची. हितंच राहू दे मला." मी रिपोर्ट काढून दाखवायचो, गाठ थोडी लहान झालीय म्हणायचो. ती रिपोर्टाकडं न बघता चिंचोके मांडायची.

एका दुपारी माझ्या हातात फासे होते. तीन आणि एक पडले. चाराची खूण. तिनं आपल्यापुढचे सगळे चिंचोके विरुद्ध बाजूला सारले.

"आता खरं लावू. सात आला तर मला न्यायचं न्हाई. चार आला तर तू म्हणशील तिथं येते."

साताच्या सहा तऱ्हा, चाराच्या तीन. मीच तिला शिकवलं होतं, ती नेमकी चारावर थांबली होती. मी हो म्हणालो. मला सात हवा होता. तो पडला असता तर तिला आग्रह करणं संपलं असतं, आणि तिला घरी ठेवण्याचं ठरवणंही माझ्याकडं आलं नसतं.

नऊ पडले, मग सहा, मग पुन्हा नऊ. दर वेळी मी थांबत होतो.

"उचल, आक्का. तुला उचलता येतं."

"असू दे. टाक."

दोन आणि दोन पडले.

तिनं परातीतले दोन्ही फासे बघितले. मग हसली. "लबाड हायस." तिचे चिंचोके मी माझ्याकडं ओढले. चारावर जिंकलं की लावलेल्या एकामागं दोन मिळतात. तेवढे तिच्याकडं नव्हतेच. "बाकीचे घरी आल्यावर देते," ती म्हणाली. "शेजारणीला सांगून ये, शेळीकडं बघ म्हणावं."

परभणीला औषध चढवल्यावर तिला ताप भरला आणि तो उतरला नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. असं शंभरात किती जणांना होतं तेही डॉक्टरांनी सांगितलं, मी वर्गात सांगतो त्याच आवाजात. शेजारणीचा फोन आला की शेळी व्याली. मी आक्काच्या कानाशी वाकून सांगितलं.

"मादी का बोकड?"

"मादी."

"पयलं दूध समदं तिलाच पिऊ द्या म्हणावं." मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. घरी कधी जायचं, हे तिनं एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

भेटायला येणारे म्हणतात, "इलाजात तुमी कसूर ठेवली न्हाई." मी मान हलवतो. त्यांना चहा देतो.

परात अजून खाटेखाली आहे. माझ्या बाजूला तिचे चिंचोके, तिच्या बाजूला रिकामं फडकं. दारातली चिंच झडायला लागलीय. अंगणात चिंचा फुटून चिंचोके पसरलेत, हवे तेवढे. शेजारीण झाडते तेव्हा ते उकिरड्यावर जातात. मी बघत बसतो.