चार पायांवर शोधलेली धूम

सब-वूफर विकत घेताना घाबरण्यासारखं काही नसतं, असं मुरबाडचा दुकानदार मला म्हणाला होता. त्याच्या गावात बिबट्या नसावा.

आमच्या गावात होता. म्हणजे प्रत्यक्ष कोणीच बघितला नव्हता. पण भात झोडून झाल्यावर वेशीवरचं एक कुत्रं नाहीसं झालं आणि वनखात्याचे गार्डसाहेब ओढ्याच्या चिखलातला ठसा बघून बराच वेळ गप्प राहिले. टोकावड्यापासून आत, डोंगराला टेकून आमचं गाव. तिथे साहेब माणूस गप्प राहिला की लोक समजायचं ते समजतात. दिवस मावळायच्या आत गुरं गोठ्यात आणि माणसं घरात, असा नियम झाला. मी तर दुपारीसुद्धा मोरीत जाताना खाकरून जायचो. (मोरी घराच्या आतच आहे.)

अशा दिवसांत आमच्या बाबांना धूम हवी होती.

बाबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, त्यातून जो जाड, पोटात उतरणारा आवाज निघतो ती धूम. गेल्या वर्षी बाबा भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवरून पडले आणि नेमका डावा खांदा गेला. उजव्या हाताची टिकटिक राहिली, धूम गेली. पखवाज दुसऱ्याकडे गेला. तेव्हापासून बाबा टीव्हीवर भजनं ऐकायचे आणि दर वेळी म्हणायचे, "ह्या पखवाजाला एकच बाजू हाय रे."

दाजींनी त्यांचं जुनं होम थिएटर आम्हाला दिलं. लहान स्पीकर ठीक होते, मोठा डबा, म्हणजे सब-वूफर, तेवढा जळालेला. दाजी म्हणाले, धूम त्या डब्यातून येते, नवा घ्या. आतच अॅम्प्लिफायर असलेला, स्वतः वीज घेणारा घ्या.

"तू बघ," बाबा मला म्हणाले. "तू कॉलेजात हायस."

मी बी.कॉम.ला आहे. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठला विषय माझा नाही हे घरात कोणाला माहीत नाही. गॅसचा रेग्युलेटर, गाईचा ताप, मोबाइलचं रिचार्ज, सगळं माझ्याकडे येतं. बारावीनंतर ग्रामपंचायतीने माझा सत्कार केला, तेव्हा शाळेतले सर भाषणात म्हणाले होते, "हा मुलगा कुठेतरी आपला ठसा उमटवणार." ते वाक्य बाबांनी जपून ठेवलंय आणि पाहुणे आले की बाहेर काढतात. मला त्या वाक्याची बिबट्याइतकीच भीती वाटते.

मी आठवडाभर मोबाइलवर वाचलं. जितकं वाचलं तितका घाबरलो. डबा मोठा घ्यावा की लहान. भोक असलेला घ्यावा की बंद. सिनेमासाठी वेगळा, संगीतासाठी वेगळा. खोली केवढी, छत कसलं. आमच्या छताला कौलं आहेत आणि कौलांबद्दल कोणीही काही लिहिलेलं नव्हतं.

दुकानात भोकाचा मोठा डबा लावला. त्यातून सिनेमातला स्फोट झाला आणि मी काउंटरला धरलं. बाबा शांतपणे पुढे गेले, डब्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "पखवाज लावा." दुकानदाराने बराच शोधून एक भजन लावलं. बाबांनी थोडं ऐकून मान हलवली. "नुसता गुरगुरतो. ह्याला कणीक जास्त झाली."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी, जणू हा वाचनातलाच मुद्दा आहे असा चेहरा करून म्हणालो, "भोक नसलेला दाखवा."

तो लहान, बंद डबा बाबांच्या तळहाताला पटला. नाही आवडला तर रविवारपर्यंत परत आणा, असं दुकानदार म्हणाला, आणि आम्ही डबा मांडीवर घेऊन एसटीने घरी आलो.

घरी धूम नव्हती.

म्हणजे होती, पण भलतीकडे. तांदळाच्या पिंपाजवळ उभं राहिलं तर छाती हलायची. स्वयंपाकघरातले डबे खडखडायचे आणि आई आतून ओरडायची, "कोन हाय गो?" पण बाबा जिथे बसतात, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी डबा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. बाबा खुर्चीत, उजवा हात मांडीवर ताल धरून. डावा तसाच पडलेला.

"राहू दे," शेवटी ते म्हणाले. "रविवारी देऊन येऊ. आपल्या घराला नसंल ती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी मला एक युक्ती सापडली. डबा ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, एकच जाड सूर चालू करायचा आणि आपण कान खाली ठेवून खोलीभर रांगायचं. जिथे सूर सगळ्यांत स्वच्छ ऐकू येईल, ती डब्याची जागा. हे मोठमोठे लोक करतात, असं लिहिलं होतं. त्यांच्याकडे खिडकीतून कोण बघतं, ते लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी गार्डसाहेबांनी बिबट्याबद्दल सगळ्यांना देवळात बोलावलं होतं. आई-बाबा तिकडे गेले. आईने दुपारीच माजघर सारवलं होतं, आणि जाताना तिने बजावलं की ओल्यावर पाय देऊ नको. (गुडघ्यांबद्दल ती काही बोलली नव्हती.)

मी डबा बाबांच्या खुर्चीवर ठेवला. ट्यूब लावली की सुरात चरचर मिसळायची, म्हणून ती बंद केली. देवाजवळचा दिवा तेवढा होता. सूर मोबाइलवर होता आणि मोबाइलपासून डब्यापर्यंत लांब काळी वायर. ती सारखी हाताखाली यायला लागली, म्हणून पँटच्या मागच्या पट्ट्यातून ओवून घेतली आणि मोबाइल मागच्या खिशात ठेवला. मग हात टेकले, गुडघे टेकले, मान खाली घातली आणि सावकाश निघालो. दर दोन पावलांनी थांबायचो, डोकं एका बाजूला करायचो, ऐकायचो. पुन्हा निघायचो.

त्याच वेळी शेजारच्या भीमाकाकू विरजण मागायला खिडकीशी आल्या.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त बाहेरून दाराला कडी लागल्याचा आवाज आला आणि मग अंगणातून भीमाकाकूंचा आवाज, जो देवळापर्यंत सहज पोचत होता:

"बिबट्या हाय! हे लांब शेपूट! परशाच्या माजघरात शिरलाय!"

परशा म्हणजे आमचे बाबा. माजघर म्हणजे मी होतो ते.

आता कोणत्याही शहाण्या माणसाने दोन आणि दोन जोडून हाक मारली असती. मला मात्र एवढंच कळलं की बिबट्या माझ्याबरोबर आत आहे. मी कसातरी खिशात हात घालून मोबाइलवरचा सूर बंद केला, म्हणजे तो कुठे आहे ते तरी ऐकू येईल.

सूर बंद झाला. गुरगुर थांबली नाही. उलट वाढली.

वायरची पिन अर्धवट निसटली की डबा स्वतःहून गुरगुरतो, हे मी पुढे वाचलं. त्या वेळी मला वाचलेलं एकच आठवत होतं: जाड आवाजाला दिशा नसते. आणि खरंच नव्हती. तो भिंतीतून येत होता, जमिनीतून येत होता, माझ्या बरगड्यांतून येत होता. मी तांदळाच्या पिंपावर चढलो. कसा चढलो ते माहीत नाही. ते माझ्या छातीला लागतं.

बाहेर सगळा गाव जमला. कोणी कोयता आणला, कोणी थाळी बडवायला लागलं. आईचा आवाज आला, "माझा संदेश आत हाय हो," आणि थाळी थांबली. मग माझा मोबाइल वाजला. बाबा होते.

"तू कुठं हायस?" ते हळू आवाजात म्हणाले.

"पिंपावर."

"तो?"

"दिसत नाही. गुरगुरतोय."

"कुनीकडून?"

"सगळीकडून, बाबा."

बाबांनी हे बाहेर सांगितलं असावं, कारण भीमाकाकू म्हणाल्या, "म्हंजे दोन हायती."

मला रडू यायला लागलं. मी बाबांना म्हणालो की डबा मीच खुर्चीवर ठेवलाय, तुम्हाला धूम ऐकू यावी म्हणून. माझं काही बरंवाईट झालं तर तो परत करा, बिल टीव्हीखाली आहे. फोन चालूच राहिला. मला गार्डसाहेबांचा आवाज ऐकू आला की पिंजऱ्याची गाडी मागवतो, कोणी दाराजवळ जाऊ नका; आणि मग, दाराच्या फळीवर काहीतरी टेकल्याचा आवाज.

तो बाबांचा तळहात होता.

"साहेब," बाबा म्हणाले, "बिबट्या गुरगुरताना मधी दम घेतो का?"

"घेतो की. जनावर आहे ते."

"हा घेत नाय." थोडं थांबून म्हणाले, "आनि हा सुरात हाय."

मग त्यांनी आईला ओटीवरचं मेन बटण बंद करायला सांगितलं. खट्ट. गुरगुर गेली. एवढी शांतता झाली की पिंपातले तांदूळ खाली बसल्याचं ऐकू आलं.

"गेला वाटतं," भीमाकाकू म्हणाल्या.

"लाईट गेली त्याची," बाबा म्हणाले आणि त्यांनी कडी काढली.

दहा-बारा बॅटऱ्यांचा उजेड एकदम माझ्यावर पडला. मी पिंपावर उकिडवा बसलेलो, हात-गुडघे शेणाने माखलेले आणि मागून लोंबणारी काळी वायर थेट जमिनीपर्यंत.

"बघा," भीमाकाकू विजयाने म्हणाल्या. "शेपूट हाय म्हनले होते ना मी?"

मला वाटलं, आता बाबा काय बोलतील. गावासमोर त्यांना मी मान खाली घालायला लावली होती, तेही रविवारच्या आदल्याच दिवशी. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते ओटीवर, दाराला हात लावून उभे होते.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

"बाबा, लोक..."

"लाव रे. भजन लाव."

आईने बटण दाबलं. मी पिन नीट बसवली आणि मोबाइलवर भजन लावलं. डबा बाबांच्या खुर्चीवर होता, बाबा दारात होते. पखवाज सुरू झाला आणि बाबांचा डावा हात, वर्षभर नुसता लोंबलेला हात, दाराच्या फळीवर हळूच पडला. पुन्हा पडला. समेवर पडला.

"इथं हाय," ते म्हणाले. "इथं बसलो व्हतो कुठं मी कधी."

तेव्हापासून आमच्या घरात बाबांच्या खुर्चीत सब-वूफर बसतो आणि बाबा दारात बसतात. डबा परत गेला नाही. संध्याकाळी भजनाचे दोघे-तिघे ओटीवर येतात. बिबट्याच्या भीतीने लवकर घरी जातो म्हणतात आणि शेवटच्या अभंगापर्यंत हलत नाहीत. मी त्यांच्यात बसत नाही. मला अंगणातल्या अंधाराकडे पाठ करून बसणं अजून जमत नाही.

गार्डसाहेबांना मात्र त्या दिवशी रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. त्यांनी माजघरात बॅटरी मारली, खाली बसले, ओल्या सारवणावरच्या खुणा नीट बघितल्या आणि याही वेळी बराच वेळ गप्प राहिले. मग उठून बाबांना म्हणाले, "ओढ्यातल्या जनावराचे ठसे नाहीत हे. पण इतके स्वच्छ मी नोकरीत बघितले नाहीत."

सारवण वाळलं. आई म्हणते, शिमग्यापर्यंत पुन्हा सारवणार नाही. घरी पाहुणे आले की बाबा पूर्वीसारखंच सरांचं ते वाक्य सांगतात, फक्त आता नुसतं सांगून थांबत नाहीत. पाहुण्यांना आत नेतात, ट्यूब लावतात आणि खुर्चीपासून पिंपापर्यंत बोट दाखवतात. हाताचे दोन, गुडघ्यांचे दोन, असा माझा ठसा सगळ्या माजघरभर उमटलेला आहे.