आबांनी शिट्टी खाली का ठेवली

आबांच्या शोकसभेत मी तोंड मिटून बसले, ती अक्कानं माझा हात दाबून धरला होता म्हणून. नाहीतर त्या वक्त्याला मी तिथेच गप्प केलं असतं. तालमीच्या अंगणात सतरंज्या घातलेल्या, आबांच्या फोटोला हार, आणि आबांना म्हातारपणी एकदोनदा पाहिलेला हा गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगत होता, "खेळापुढे त्यांनी पोटच्या मुलीच्या लग्नाचीही पर्वा केली नाही." लोकांनी माना डोलावल्या. ती पोटची मुलगी साठी ओलांडून माझ्या शेजारीच बसली होती, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पर्वा केली नाही म्हणे. इतकी वर्षं हेच ऐकत आले आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमचे वडील, म्हणजे आबा, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. परत आले ते डावा कान तोफांपायी घालवूनच. नाशकात बिऱ्हाड केल्यावर त्यांना दोनच नाद होते, घर आणि मैदान. सकाळी आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या तेच घालायचे. पलटणीत पायाला पट्ट्या गुंडाळत तशी घट्ट वेणी, डोळे ओढले जायचे. आईला हे आवडत नसे, शेजारणी हसत, पण आबांनी कधी ऐकलं नाही. अंगणात चुन्यानं रेघा मारून ते आम्हाला आट्यापाट्या शिकवायचे, आणि पोरींना कसला आलाय खेळ, असं म्हणणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावायचे.

संध्याकाळी तालमीमागच्या पटांगणात हुतूतू चाले. तिथे आबा पंच. एका कानानं बहिरा माणूस चढाई करणाऱ्याचा दम कसा ओळखणार, असं नव्यांना वाटे. पण आबा चांगला कान गड्याकडे करून त्याच्या बरोबरीनं पळत आणि नजर त्याच्या गळ्यावर ठेवत. ओठ हलवून कुणालाही फसवता येतं, गळ्याला ती लबाडी जमत नाही, असं ते म्हणत. नाशकात त्यांच्या निकालावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. अक्काचं लग्न सिन्नरला ठरलं. घर विड्यांच्या धंद्यातलं, मुलगा दिसायला चांगला, वर हुतूतूचा गडी. आबा तर खूष झाले. सुपारी फुटली, आईनं पापड लाटायला घेतले, आणि त्याच सुमारास सिन्नरचा संघ आमच्याकडे सामना खेळायला आला. आबांनी आपण होऊन सांगितलं, की होणारा जावई मैदानात आहे, आज दुसरा पंच बघा. तर मुलाचा बापच हसून म्हणाला, "अहो, घरचाच पंच हाय, आम्हाला कसली भीती?" मला त्या हसण्याचा राग पुढे आला. तेव्हा सगळेच हसले होते, आबासुद्धा.

आम्ही बायका पटांगणाच्या कडेच्या घराच्या गच्चीवर होतो. अक्काला पुढे उभं राहायची बंदी, म्हणून ती आईच्या खांद्याआडून बघत होती. शेवटची चढाई त्या मुलाची. दोन गडी शिवून तो परत फिरला, आणि मधली रेघ हातभर राहिली असताना थांबला, छाती भरून श्वास घेतला, आणि पुन्हा हुतूतू म्हणत रेघेपार झाला. आबांनी शिट्टी वाजवली, हात वर केला. गडी बाद. सामना नाशिकचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सिन्नरकडचा मध्यस्थ आला. त्याच्याबरोबर आमचे मामा, तोंड पाडून. निरोप असा, की आबांनी चारचौघांत म्हणावं, माझ्या कानाचा दोष, निकाल चुकला. नाहीतर सुपारी परत.

"आबा, लय ताणू नका," मध्यस्थ म्हणाला. "एक शब्द टाकला की झालं. तुमचा कान गेलेला हाय, ते सगळ्यांना ठावं हाय."

मामा म्हणाले, "दाजी, मुलीचा बाप आहात तुम्ही. मुलीच्या बापानं मान खाली घालायची असते."

या एका वाक्यानं आपल्याकडे किती बापांच्या माना मोडल्या असतील. बसऱ्याला तोफांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला घरात येऊन हे सांगायचं, आणि तेही त्याच्या जखमेचं नाव घेऊन. त्यांचा मुलगा लबाडी करणार आणि माफी आमच्या आबांनी मागायची. मी दाराआडून ऐकत होते आणि मला वाटत होतं, आता आबा दोघांना हाकलून देतील.

आबांनी कुणालाही हाकललं नाही. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत आई तोंडाला पदर लावून रडत होती. मग ते उठले, खुंटीवरचा फेटा काढला, आरशासमोर उभं राहून बांधला आणि चपला पायात घातल्या. "चला," म्हणाले. "सांगतो, कानाचा दोष म्हणून."

हे त्या वक्त्याला कुणी सांगितलं नाही. आबा निघाले होते. ज्या माणसानं आयुष्यात एक खोटा निकाल दिला नाही, तो मुलीसाठी चारचौघांत खोटं बोलायला उंबऱ्यापर्यंत पोचला होता.

अक्का दारात येऊन उभी राहिली. परक्या माणसासमोर ती कधी बोलत नसे.

"आबा, मी बघत होते गच्चीवरून," ती म्हणाली. "त्याचा दम तुटला होता. आणि तो तुटला हे त्यालाही माहीत आहे. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

मामा तिच्यावर ओरडले. आबांनी चपला काढल्या, सावकाश फेटा उतरवला. सुपारी परत आली. अक्काचं लग्न पुढे वणीला झालं, चांगलं झालं, पण मधलं वर्ष नातेवाइकांनी तिला आणि आबांना खाऊन टाकलं. खेळापायी मुलगी घरात ठेवली, हे मामांचं म्हणणं. तेच झिजत झिजत शोकसभेत कौतुक होऊन आलं, आणि त्यातून अक्का गळून पडली.

सुपारी परत आली त्याच आठवड्यात आबांनी शिट्टी तालमीच्या वस्तादांच्या हातात दिली. लोक समजूत घालायला आले, म्हणाले, अपमान मनाला लावून घेऊ नका. आबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्यानंतर नव्वदीपर्यंत ते रोज मैदानावर जायचे, पोरांना शिकवायचे, पण पंच म्हणून पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

मी मात्र त्यांना विचारलं होतं. सकाळी ते माझी वेणी घालत होते.

"आबा, तुमचा निकाल तर बरोबर होता. मग शिट्टी का देऊन टाकली?"

"निकाल बरोबर होता गं," ते म्हणाले. "पण मी तो फिरवायला निघालो होतो. अक्कानं अडवलं म्हणून राहिलो."

त्यांनी एक पेड घातला, घट्ट ओढला.

"आणि तुझं लग्न अजून व्हायचंय."