छापील बी.कॉम.

मला बी.कॉम.ची डिग्री छापखान्यात मिळाली. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे ती छापली गेली तेव्हा शेवटच्या वर्षाचा माझा एकही पेपर झालेला नव्हता. वडील म्हणाले, छापा, निकाल काय आज ना उद्या लागणारच आहे. छापखानेवाल्याचं काय जातंय, त्याने छापलं. पत्रिकांचे गठ्ठे घरी आले, त्यांना कुंकू लागलं, त्या गावोगाव गेल्या आणि मी पदवीधर झाले.

वडील रेल्वेत मालाच्या ऑफिसात क्लार्क होते. नोकरीसाठी खानदेशातून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. सासर मात्र दांडिया बाजारातलं जुनं. त्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या कचेरीत मोठे अंमलदार होते. आता अंमल कुठला, सगळे बँकेत नाहीतर विम्याच्या ऑफिसात चिकटलेले, पण ताठा तसाच. सून पदवीधर हवी ही त्यांची अट होती, आणि वडील त्या लोकांपुढे कायम हात जोडूनच उभे. तिकडच्या गुरुजींनी काढलेल्या तीन तारखांपैकी पहिलीलाच त्यांनी मान डोलावली. परीक्षेचं वेळापत्रक अजून लागायचंय, हे मी दोनदा सांगितलं. माझी आई म्हणाली, होईल गं काहीतरी.

झालं काय, तर वेळापत्रक लागलं तेव्हा हॉल ठरलेला होता. सगळे पेपर लग्नाआधी बसत होते, एक सोडून. कॉस्टिंगचा पेपर बरोबर लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला. सीमांतपूजन संध्याकाळी होतं, म्हणजे तसा पेपर देता आला असता. पण सकाळी हळद होती, आणि हळद लागलेली मुलगी उंबरठा ओलांडत नाही. मी म्हटलं, हळद दुपारी लावा. ते आमच्या हातात नव्हतं. आमच्यात आधी नवऱ्या मुलाला हळद लावतात आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद मुलीकडे पाठवतात. ती नऊ वाजता निघणार असं तिकडून ठरून आलं होतं. वडील म्हणाले, "त्यांना वेळ बदला म्हणून सांगू? मी?"

हळद आली. साडेदहाला माझी मैत्रीण हातात पॅड घेऊन मला बोलवायला आली, तेव्हा मी पाटावर पिवळीजर्द होऊन बसले होते. ती दारातच थांबली, "जाते हं" म्हणाली आणि गेली. मी आतल्या आत जळत होते, आणि आजूबाजूच्या बायका म्हणत होत्या, तेज बघा कसं आलंय चेहऱ्यावर. कप्पाळ तेज!

ऑक्टोबरला दे, असं सगळ्यांनी मला समजावलं होतं. ऑक्टोबरात मला चौथा महिना होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. तरी मी फॉर्म आणला. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, वाचला, घडी घातली. म्हणाल्या, "आता कशाला? पत्रिकेत छापलंय की. परत परीक्षेला बसलीस तर लोक म्हणतील नापास झाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची." नवरा तिथेच बसला होता. त्याने पंख्याकडे बघितलं.

त्यानंतर चैत्रातलं हळदीकुंकू असो, कुणाची मुंज असो, सासूबाई माझी ओळख करून द्यायच्या: ही आमची सूनबाई, बी.कॉम. आहे. शेजारच्या गुजराती बायका कौतुकाने म्हणायच्या, वहू तो भणेली छे, सून शिकलेली आहे हो! आणि मी हसायचे. खोटं त्या बोलायच्या, पण हसायचे मी. ते मला कुणावर ढकलता येत नाही.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कारखान्यात डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात लागले. तिथे खरे कागद दिले, बारावीचे. त्यामुळे गंमत अशी, की सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की माझी डिग्री उतरायची आणि संध्याकाळी दांडिया बाजारात उतरले की परत चढायची. सावलीत मी बारावी पास, इथे बी.कॉम. चौदा वर्षं मी ट्रकचे कागद बनवतेय, कुठला माल कुठल्या गाडीत आधी चढवायचा ते डोळे मिटून सांगते. गेल्या वर्षी आमचे इन्चार्ज रिटायर झाले. त्यांच्या जागी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस आणला. त्याला मी काम शिकवलं, आणि आता तो माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो.

तर असं सगळं असताना, यंदा माझी मुलगी एका रविवारी सकाळी फाफडा खाता खाता म्हणाली की ती कॉलेज सोडतेय.

तीही बी.कॉम.लाच, शेवटच्या सेमिस्टरला. घडियाळी पोळमधल्या दुकानांसाठी ती मोबाइलवर छोटे व्हिडिओ करून द्यायची: चणियाचोळी, बांगड्या, इमिटेशनचे सेट. नवरात्राच्या आधी तर तिला जेवायलाही फुरसत नसायची. ते बघून अहमदाबादच्या एका कंपनीने तिला पूर्ण वेळ बोलावलं होतं, पण लगेच. परीक्षेसाठी महिनाभर थांबायला ते तयार नव्हते. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती शनिवार. तो मी भरणार नाही, असं तिने जाहीर केलं आणि पपईचा संभारो वाढून घेतला.

सासूबाईंनी खापरपणजोबांपासून सुरुवात केली. आपल्या घरात कोण काय शिकलं याची यादी त्यांना तोंडपाठ आहे. मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, त्या यादीतलं आज कोण काय करतंय ते सांग ना." सासूबाई चिडल्या आणि वाती वळायला बसल्या. नवरा मोबाइलमध्ये. तो असल्या वेळी नेहमी मोबाइलमध्येच असतो. मग माझी पाळी.

मी म्हटलं, महिन्याचा प्रश्न आहे, पेपर दे आणि जा. ती म्हणाली, कशासाठी? मी म्हटलं, उपयोग होतो. कसला उपयोग, ते मात्र मला सांगता येईना. खरं सांगायचं तर डिग्रीवर माझा काडीचा विश्वास नाही. ज्याला मी काम शिकवलं त्याच्याकडे डिग्री आहे आणि त्याला अजून मालाचं चलन नीट वाचता येत नाही. डिग्रीने अक्कल येते असं म्हणणाऱ्याला मी सावलीला नेऊन त्याच्यासमोर बसवीन. पण हे त्या वेळी तोंडातून काढलं असतं तर मुलीला आयतंच कोलीत मिळालं असतं.

कोलीत तिच्या हातात होतंच. "तुझंच बघ ना," ती म्हणाली. "तू बी.कॉम. ना? काय मिळालं तुला? सकाळी सात वाजता बसच्या मागे धावतेस, ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकतेस, आणि कालचा आलेला माणूस तुझा साहेब होतो. डिग्री असून हे. मग मी कशाला घेऊ?"

खोलीत आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या तिघांना खरं काय ते माहीत होतं. सासूबाईंचे हात वातीवर थांबले. नवऱ्याचा अंगठा मोबाइलवर थांबला. दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत एकच गोष्ट होती: गप्प बस. वीस वर्षं मी ती नजर ओळखत होते आणि वीस वर्षं पाळत होते. त्या दिवशी मला तिची तिडीक आली. इतकी, की हातातली चटणीची वाटी मी जरा जास्तच जोरात ठेवली.

मी म्हटलं, "मी बी.कॉम. नाही. शेवटचा पेपर दिलाच नाही. त्या माणसाकडे डिग्री आहे म्हणून तो साहेब झाला, माझ्याकडे नाही म्हणून मी नाही झाले."

मला वाटलं होतं, बाजी मारली. मुलगी हबकेल, माझ्या गळ्यात पडेल, असलंही काहीतरी डोक्यात आलं असावं. ती हबकली, पण गळ्यात वगैरे काही पडली नाही. तिने पोलिसासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठला पेपर? का नाही दिला? मी सगळं सांगितलं: तारीख, हॉल, उष्टी हळद, दारात आलेली मैत्रीण. ती ऐकत होती. मग म्हणाली, कॉलेज किती लांब होतं? मी म्हटलं, रिक्षाने दहा मिनिटं.

"दार लावून घेतलं होतं कुणी?"

"नाही."

"आजोबांनी मारलं असतं?"

माझ्या वडिलांनी जन्मात माझ्यावर हात उगारला नाही. मी म्हटलं, नाही.

"मग पाटावरून उठून गेली का नाहीस? माझ्याशी तर रोज भांडतेस. तेव्हा कुठे गेलं होतं तुझं तोंड?"

इतकी वर्षं मी दोष वाटतच आले होते. वडिलांना दोष दिला, सासूबाईंना दिला, गुरुजींना दिला, त्या नऊ वाजताच्या हळदीला दिला. पण तोंडावर हळद होती म्हणून पाय काही बांधलेले नव्हते. घाबरले होते मी, दुसरं काही नाही. लोक काय म्हणतील, लग्न मोडेल, वडिलांची मान खाली जाईल. आणि त्याहून वाईट म्हणजे, मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं, छापलंय तर खरं, आता दिला काय न दिला काय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही सांगितलं. तिने ते बरोबर ओळखलं असणार, ती माझ्यासारखी मठ्ठ नाही.

ती उठली आणि आत गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, की तिच्या शाळेच्या फॉर्मवर दरवर्षी आईचं शिक्षण पदवीधर लिहिलंय. ते मीच लिहायचे. माझ्याच अक्षरात.

सासूबाई म्हणाल्या, "सांगायची काय गरज होती? इतकी वर्षं झाकलं, ते पोरीसमोर उघडं केलंस." मी म्हटलं, झाकलं तुम्ही, निस्तरतेय मी. एवढ्या वर्षांत त्यांना मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी वातींचा डबा उचलला आणि खोलीत जाऊन बसल्या. नवरा म्हणाला, जाऊ दे ना. मी त्याला म्हटलं, तू तर बोलूच नकोस. तो खरंच बोलला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

त्यानंतरचे पाच दिवस घरात नुसती भांडी वाजत होती. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही गुजरातीत, म्हणजे दुकानदाराशी बोलावं तसं. मराठीत बोललो की भांडण होईल अशी तिला भीती असावी. मी बसमध्ये बसून रोज ठरवायचे, आज तिला सांगायचं, नको देऊ पेपर, जा बाई अहमदाबादला, तुझं आयुष्य आहे. आणि रोज घरी येऊन गप्प राहायचे. कारण ती गेली असती तर मला आवडलं असतं, आणि तरीही तिने पेपर सोडलेला मला नको होता. दोन्ही खरं होतं. कुणाला समजावून सांगणार?

शुक्रवार गेला. शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी पोहे करत होते, तर मुलगी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. फोटो कुठे ठेवलाय, मागच्या सेमिस्टरचा सीट नंबर काय, असलं काहीतरी पुटपुटत होती. मी गॅस बारीक केला आणि ओट्याशीच थांबले. सासूबाईंनी चष्म्यातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, "ऐकलं शेवटी पोरीने. घराण्याचं रक्त आहे."

मुलीने मान वर केली नाही. "अहमदाबादवाल्यांना कळवलंय, पेपर झाल्यावर येईन म्हणून," ती म्हणाली. "नाही म्हणाले. दुसरी मुलगी घेतली त्यांनी."

म्हणजे तिच्या हातची नोकरी गेली होती. माझ्यामुळे गेली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सॉरी म्हणायला की शाबास म्हणायला, माझं मलाच माहीत नाही. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"तू सांगितलंस म्हणून भरत नाहीये. तुझ्यासारखं व्हायचं नाही म्हणून भरतेय."

सासूबाई "अगं" म्हणाल्या आणि थांबल्या. मला रडू आलं असतं, पण तिच्यासमोर नको होतं. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि ती बोलली त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पोहे खाली लागायला आले होते. मी परत ओट्याकडे वळले आणि म्हटलं, "सबमिट झालं का, तेवढं नीट बघ."