मागं जाऊन बघणारे आनंदराव

पाटणहून कोयनानगरकडे प्रवासी भरून नेणारी वडाप जीप खड्ड्यात आदळली, की आनंदराव ती बाजूला घेत, उतरत आणि शंभर पावलं मागं जाऊन रस्ता बघून येत. मी रोज त्याच जीपने शाळेत शिकवायला जायची. ते परत आले की मला विचारत, "बाई, चाकाखाली कोन आलं न्हाई न्हवं?"

"कुणी नाही," मी सांगे. त्यांचा चेहरा सैल होई. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

सैन्यात सतरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस. कधी कुणाला ओरखडाही काढलेला नाही. "मला बी कळतंय, कोन मेलेलं न्हाई. पर बगून आल्याबिगर जीव ऱ्हात न्हाई," ते म्हणत. लोकांनी मात्र ठरवून टाकलं, दारू! त्यांच्या पत्नी सुशीलाबाई कळवळून सांगत, "आवं, शिवत सुदिक न्हाईत ते." ऐकतो कोण?

एके दिवशी मागच्या बाकावरचा एक धडधाकट गृहस्थ मुद्दाम ओरडला, "आनंदराव, काय तरी दणकलं बगा!" ते धावत मागं गेले. परत आले, तर हा पुन्हा ओरडला. असं चार वेळा. पन्नाशीचा माणूस गुडघे टेकून डांबरावर रक्त शोधत होता आणि जीपमधले लोक हसत मोबाईलवर ते टिपत होते. मी घड्याळ बघत बसले होते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी मालकाने किल्ली काढून घेतली.

सुशीलाबाईंनी त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. नको तो विचार डोक्यात घुसतो, तो शमवायला माणूस तेच तेच करत राहतो, घटकाभर बरं वाटतं आणि शंका पुन्हा उभी राहते. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय सराव. खड्डा लागला तरी मागं जायचं नाही, कुणाला विचारायचंही नाही. म्हणजे माझं ते रोजचं "कुणी नाही"सुद्धा आजाराला खतपाणीच घालत होतं. आणि आमच्या शाळेत कपाट नीटनेटकं ठेवणाऱ्या बाई कौतुकाने सांगतात, "मला ना, ओसीडीच आहे!" त्यांना एकदा त्या डांबरावर गुडघे टेकायला लावावंसं वाटतं.

वर्षभराने आनंदरावांना सांगलीत दुधाचा टेम्पो चालवायचं काम मिळालं. निघताना भेटायला आले. "शंका येती अजून. येऊ दे. मी थांबत न्हाई."

मी माफी मागितली. म्हटलं, "त्या दिवशी शाळेला उशीर होईल म्हणून मी गप्प राहिले."

ते म्हणाले, "बाई, तुमचं लोक ऐकत्यात. तुमी एक शबुद बोलला असता, तर गप बसली असती समदी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझा अजून गेलेला नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.